बिस्किटांच्या डब्यातलं इंग्रजी

(माजी विद्यार्थी, दहावी १९८७)

पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या आमच्या पिढीला इंग्रजीची धास्तीच होती. आठवीत नव्या बाई आल्या. त्यांनी फळ्यावर 'स्मोक' आणि 'फॉग' असे दोन शब्द इंग्रजीत लिहिले, डस्टरने एकाची शेपटी पुसली, दुसऱ्याचं तोंड. उरला 'स्मॉग'. लंडनच्या धुरकट हवेला १९०५ च्या सुमारास हे नाव असंच मिळालं, म्हणाल्या. वर्गात हशा पिकला आणि धास्ती थोडी उतरली.

मग बॉयकॉटची गोष्ट. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी लोकांनी सगळे व्यवहार तोडले. पीक कापायला माणूस मिळेना, दुकानदार माल देईनात. बघता बघता त्याचं आडनाव वर्तमानपत्रांत क्रियापद होऊन बसलं.

एकदा चाचणीत कुणीतरी 'गूस'चं 'गीस' होतं तसं 'मंगूस'चं 'मंगीस' केलं. बाई म्हणाल्या, "अरे, तो बदकाचा भाऊबंद नव्हे, आपल्या परसातला मुंगूस आहे! मराठीतूनच गेलाय तिकडे."

पण बाईंचं खरं वेड चिठ्ठ्यांचं. ऑक्सफर्डच्या कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना आवाहन केलं होतं : वाचताना शब्द सापडला की अख्खं वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल चिठ्ठीवर उतरवून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. कोश पुरा झाला १९२८ ला, मरे वारल्यानंतर तेरा वर्षांनी. बाईंनी आम्हालाही पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करायला लावल्या. त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. शब्द कोशात शिरतो तो कुणाच्या सहीशिक्क्याने नाही, पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी वापरल्याचा पुरावा साठला की शिरतो, हे त्या डब्याने शिकवलं.

माझी चिठ्ठी 'प्रीपोन'ची. वडिलांच्या कचेरीतल्या परिपत्रकात मीटिंग प्रीपोन झाली होती. शिकवणीच्या सरांनी ठासून सांगितलं, असा शब्दच नाही. बाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "वाक्य आहे, तारीख आहे. टाक डब्यात."

पुढे मी मुद्रितशोधक झालो. आमच्या धंद्याने रोज वाचावा असा किस्सा 'डॉर्ड'चा. १९३४ च्या वेबस्टर कोशात हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठी होती संक्षेपांची : घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी. 'डी ऑर डी' ही अक्षरं कुणीतरी सलग वाचली आणि शब्द जन्माला आला! १९३९ मध्ये एका संपादकाला त्याची व्युत्पत्तीच दिलेली दिसेना, तेव्हा बिंग फुटलं.

'प्रीपोन' मात्र आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. परवा या स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, लेखांची तारीख प्रीपोन केली आहे. म्हणून हा लेख घाईत लिहून पाठवतो आहे. मुद्रितं मात्र मलाच दाखवा.