ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्या

२०१८ साली तासगाव तालुक्यातल्या आमच्या बेदाणा शेडची जाळी बांधताना मी वरच्या थरावरून पाठीवर पडलो आणि मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची हालचाल व संवेदना गेली. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये सरकणे, थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलून बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमा, टाळणे, चार ते सहा तासांनी लघवीसाठी स्वतः कॅथेटर म्हणजे नळी घालणे, हे सारे हळूहळू अंगवळणी पडले. ग्रामसभेला जाणे मात्र जमत नव्हते, कारण पंचायतीच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या.

शिपाई रजिस्टर घरी आणून माझी सही घेऊन जात असे. त्यात आपुलकी होती, पण आमच्या पाणंद रस्त्याविषयी मला जे बोलायचे होते ते सहीत मावत नव्हते. चौघे जण खुर्चीसह उचलून न्यायलाही तयार होते. परंतु उचलताना पाय कुठे घासला तर मला समजत नाही आणि जखम नंतर केव्हातरी दिसते.

अखेर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा आधार घेऊन, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, प्रत जोडून, पंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून रॅम्प करावा असा अर्ज मी दिला. बऱ्याच पाठपुराव्यानंतर रॅम्प झाला, पण ४५ सेंटिमीटर उंचीसाठी जेमतेम दोन मीटर लांबीचा, आणि त्यावर गुळगुळीत फरशी. पहिल्याच प्रयत्नात खुर्चीची पुढची चाके उचलली गेली. भावाने मागून धरले म्हणून मी वाचलो.

एकास बारा, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी, हा उतार ठेवायचा तर ५.४ मीटर लांबी हवी, हे मी कागदावर आकृती काढून दाखवले, तरी एवढी जागा कशाला, हा प्रश्न संपेना. शेवटी गवंडीदादा स्वतः माझ्या खुर्चीत बसले आणि हातांनी चाके ढकलून पाहिली. त्यानंतर त्यांनीच भिंतीलगत वळण घेणारा, मध्ये सपाट टप्पा असलेला, खरखरीत कोब्याचा रॅम्प आखला.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी पाणंदीवर बोललो आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले. पंचायतीच्या शौचालयात खुर्ची शिरत नसल्यामुळे मात्र सभा संपण्याआधीच मला घरी परतावे लागले. ते दार ९० सेंटिमीटर रुंद करावे, असा अर्ज निघताना ग्रामसेवकांच्या हाती दिला आहे.