पाच वर्षांचा अनुभव आणि फ्लोरिडाचे बारा महिने

टॅम्पातल्या आमच्या एजन्सीत टायटल एजंटच्या परवान्याचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात. टायटल एजंट म्हणजे घराच्या मालकी हक्काचा विमा देणाऱ्या कंपनीने लेखी नेमलेला, तिच्या वतीने कमिटमेंट (पॉलिसी कोणत्या अटींवर देऊ याचं आधीचं लेखी वचन) आणि पॉलिसीवर सही करणारा माणूस. त्या सकाळचा अर्ज पुण्याहून आलेल्या एका मुलीचा होता. इतका तयार उमेदवार मी क्वचितच पाहिला असेल, पण अर्ज होता तसा पाठवला असता तर परतच आला असता.

पुण्यातल्या एका बीपीओत तिने पाच वर्षं अमेरिकेतल्या मिळकतींचे सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, काढले होते. सहज म्हणून एक जुनी फाइल तिच्यापुढे ठेवली. दहा मिनिटांत तिचं बोट खरेदीखताच्या शेवटच्या पानावर. सही एकट्या नवऱ्याची, आणि तो विवाहित की अविवाहित याचा खतात कुठे उल्लेख नाही. फ्लोरिडात राहतं घर एकाच्याच नावावर असलं तरी विकताना जोडीदाराची सही लागते. हे थेट राज्यघटनेत आहे. मग ती म्हणाली, "ताई, साक्षीदारही एकच आहे, दोन हवेत. पण नोंदणीला पाच वर्षं होऊन गेलीत, म्हणजे तो दोष आता मोजायचा नाही." बरोबर होतं. साक्षीदाराची उणीव पाच वर्षांनी कायद्यानेच भरून निघते. आमच्या इथल्या दोघांना हे अजून माहीत नाही.

घोडं अडलं ते अनुभवाच्या प्रतिज्ञापत्रावर.

फ्लोरिडात परवान्याला दोन वाटा आहेत. अर्जाच्या आधीच्या 4 वर्षांत मान्यताप्राप्त 40 तासांचा वर्ग, त्यात 3 तास नीतिमत्तेचे. नाहीतर त्याच 4 वर्षांत किमान 12 महिन्यांचा जबाबदारीच्या कामाचा अनुभव. तिने दुसरी वाट धरली होती. प्रतिज्ञापत्र नीट होतं: उमेदवाराचं वेगळं, मालकाचं वेगळं, कामाचा कालावधी, पूर्णवेळ असल्याची खात्री, कामाचं थोडक्यात वर्णन. पण कायद्याच्या त्या वाक्यात पुढे आणखी एक अट आहे, आणि लोक नेमके तिथेच घाई करतात. उमेदवार टायटल एजन्सीचा, विमा कंपनीचा किंवा टायटल पॉलिसी देणाऱ्या वकिलाचा नोकर असायला हवा, आणि काम परवानाधारक एजंटच्या, विमा कंपनीच्या किंवा वकिलाच्या देखरेखीखाली झालेलं हवं. तिची बीपीओ यांपैकी काहीच नव्हती. ती या कंपन्यांना सर्च विकणारी ठेकेदार. पाच काय, पंधरा वर्षं भरली असती तरी इथे शून्य.

तिने विचारलं, ज्या अमेरिकन कंपनीसाठी काम करत होतो तिच्याकडून पत्र आणलं तर? पत्र मिळेलही, पण तिचा पगार त्यांनी दिलेला नाही, मग 'आमची नोकर' असं ते शपथेवर कसं लिहिणार? कोणी लिहून दिलंच तर ती अर्जातली खोटी माहिती ठरते, आणि तेवढ्या कारणावर मिळालेला परवानाही जाऊ शकतो. तिच्या एलएल.बी.चाही उपयोग नाही. परवान्यातून सूट फ्लोरिडा बारच्या, म्हणजे इथल्या वकिलांच्या संस्थेच्या, सदस्यांना आहे, महाराष्ट्रातली सनद इथे चालत नाही. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांनी तर या सगळ्याआधी अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का ते बघावं.

तेव्हा ते प्रतिज्ञापत्र बाजूला काढलं आणि 40 तासांचा वर्ग धरला. तिला तो अपमान वाटला, मला नाही वाटला. सर्च करणाऱ्याला न दिसणारा निम्मा धंदा त्या वर्गात असतो: लोकांचा पैसा ट्रस्ट खात्यात कसा ठेवायचा, आणि हप्ता कसा काढायचा. फ्लोरिडात मूळ पॉलिसीचा दर राज्यानेच ठरवलेला आहे. पहिल्या 1,00,000 डॉलरला हजारी 5.75, त्यापुढे 10 लाखांपर्यंत हजारी 5. साडेतीन लाखांच्या घराचा हप्ता तिने 2,012.50 काढला, म्हणजे सगळ्या रकमेला 5.75 लावलं. खरा आकडा 575 अधिक 1,250, म्हणजे 1,825. मालकीच्या कागदांच्या साखळीतला दोष दहा मिनिटांत पकडणारी मुलगी 187 डॉलर 50 सेंटनी चुकली.

पुढचं सरळ होतं. बोटांचे ठसे, राज्याच्या वित्तसेवा खात्याकडे ऑनलाइन अर्ज, पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर परीक्षा. एजन्सीचे 35,000 डॉलरचा शुअरटी (हमीचा) बाँड, 50,000 चा फिडेलिटी (नोकरांच्या अफरातफरीविरुद्धचा) बाँड आणि दाव्यामागे किमान अडीच लाखांचा चूकभूल विमा आमच्याकडे आधीच होते. ते उमेदवाराला वैयक्तिक लागत नाहीत, तरी दर वेळी कोणीतरी घाबरून विचारतंच.

4-10 असा टायटल एजंटच्या वर्गाचा शिक्का असलेला परवाना आला त्या दुपारी तिने एका कमिटमेंटवर सही करायला पेन उघडलं. मी थांबवलं. परवाना म्हणजे पात्रता. सहीचा अधिकार विमा कंपनीने खात्याकडे नेमणूक नोंदवली की मिळतो, आणि ती अजून यायची होती. एकही नेमणूक नसताना 48 महिने गेले तर परवाना मरतो आणि सगळं पहिल्यापासून. शिवाय दर 2 वर्षांनी 10 तासांचं शिक्षण आहेच.

तिने पेनाला टोपण लावलं आणि फाइल माझ्या ट्रेमध्ये ठेवली. त्या कमिटमेंटवर सही मीच केली.