सांग्रोचा चढ आणि दगडावरची मराठी नावं

आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकांत इटलीतला आब्रुत्सो प्रांत नसतो. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस झालं की आपली इटली संपली. सायकलवाल्यांना मात्र ओर्तोना ते वास्तो हा एड्रियाटिक किनाऱ्यावरचा पट्टा चांगला माहीत असतो. इथली रेल्वे पूर्वी अगदी समुद्राला खेटून जायची. २००५ मध्ये ती आत, बोगद्यांतून वळवली आणि जुन्या मार्गावर सायकलींसाठी 'व्हिया व्हेर्दे' झाली. लांबी साधारण ४२ किलोमीटर. रेल्वेचीच वाट, त्यामुळे चढ जवळपास नाहीच. उजवीकडे पाणी, पाण्यात खांबांवर उभे असलेले मासे पकडायचे लाकडी मचाण, 'त्राबोक्की' (कोचीची चिनी जाळी आठवा, तसलीच तऱ्हा), डावीकडे द्राक्षांचे आणि ऑलिव्हचे मळे. लहान मुलं, आजी-आजोबा, कुत्री, सगळे त्या वाटेवर.

मी बोलोन्यात नोकरी करते, त्यामुळे ही वाट माझ्या यादीत होतीच. दादा आला म्हणून योग आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, साताऱ्याचा, आता पुण्यात. रात्र रात्र बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, मारणारा माणूस. मी त्याला समुद्राचे, त्राबोक्कींचे, जेवणाच्या ताटांचे फोटो पाठवले, तर त्याचं उत्तर एका ओळीचं: "समुद्र आपल्याकडे पण आहे. मला सांग्रोची वॉर सिमेट्री बघायचीये."

सांग्रो ही याच वाटेवरची नदी. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५० हजार भारतीय सैनिक इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने लढले. आठवी इंडियन डिव्हिजन १९४३ च्या हिवाळ्यात याच किनाऱ्याने, जर्मनांना मागे रेटत, दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत गेली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, कागदोपत्री १/५ मराठा, या डिव्हिजनमध्ये होती. पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे. दादाला हे सगळं तोंडपाठ, मला निम्मंही माहीत नव्हतं.

तयारीचं सांगते, कारण जाणाऱ्यांना तेच लागतं. इटलीत वेगवान गाड्यांत उघडी सायकल चढवू देत नाहीत, सुटी करून पिशवीत भरावी लागते. सायकलचं चिन्ह असलेल्या 'रेजोनाले', म्हणजे प्रादेशिक गाड्यांत मात्र तिचं वेगळं तिकीट काढलं की काम होतं. वेळ जातो, दोनतीनदा गाडी बदलावी लागते, आणि फलाट बदलताना सायकल खांद्यावर घेऊन भुयारी जिने उतरा-चढा. सामान कमी का ठेवायचं ते पहिल्याच जिन्यावर कळतं.

दुसरी तयारी घरूनच करायची. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दफनभूमी निवडली की तिथल्या नावांची यादी उतरवून घेता येते. त्यात रेजिमेंट, हुद्दा, तारीख, आणि काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हासुद्धा असतो. दादाने मराठा रेजिमेंटच्या ओळी वेगळ्या काढून छापून आणल्या होत्या. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो कागद त्याने हँडलबारच्या पिशवीत ठेवला, नकाशा ठेवतात तिथे.

आम्ही वास्तोहून निघालो, म्हणजे सैन्य गेलं त्या दिशेने. निघताना ठरवलं होतं की शक्य तितकं सायकलमार्गाने जायचं आणि स्मारकांसाठी तेवढं वर चढायचं. सिनेल्लो नदी ओलांडेपर्यंतच दादा कुरकुरायला लागला. "अगं, नदी गेली कधी?" खरंच, कळलंच नव्हतं. रेल्वे बांधणाऱ्यांनी नद्यांच्या मुखांवरून सरळ पूल टाकलेत. खाली वाळूतून वाहणारी पाण्याची एक ओळ दिसते, आठ-दहा पायडलांत पलीकडे.

आणि १९४३ ची लढाई तर या नद्यांचीच होती. नकाशा आडवा धरून बघा: त्रिन्यो, सिनेल्लो, ओसेन्तो, सांग्रो, फेल्त्रिनो, मोरो. सगळ्या पश्चिमेच्या डोंगरांतून निघून समुद्राला मिळतात, आणि दर दोन नद्यांमध्ये शंभर-दीडशे मीटर उंचीची एकेक सोंड. जर्मनांना फार डोकं लावायची गरज नव्हती. नदीवरचे पूल उडवायचे, मागच्या सोंडेवर तोफा मांडून बसायचं. ती सोंड गेली की पुढच्या नदीमागे.

मग आम्ही सायकलमार्ग सोडला आणि रस्त्यावर आलो. खरं तर दादाने सोडला, मी मागे गेले. रस्ता नदीपाशी खाली उतरतो आणि पलीकडे वर चढतो. परत उतार, परत चढ. ऊन मी म्हणत होतं. चढ घाटाइतके लांब नाहीत, पण उभे आहेत, आणि पाय सैल होतात न होतात तोच पुढचा येतो. ट्रकवाले बऱ्यापैकी अंतर ठेवून जातात, तरी समुद्राकाठच्या त्या गार वाटेची आठवण येत राहते. आता मात्र कुठली नदी कधी गेली हे विचारायची गरज उरली नाही.

सांग्रोची दफनभूमी तोरिनो दी सांग्रो गावाच्या हद्दीत, किनाऱ्यापासून आत, चढावर आहे. जवळच होल्म ओकचं राखीव जंगल आहे, तेवढीच सावली. मी सगळ्यात हलक्या गिअरवर होते आणि तरी शेवटी उतरून चालले. दादा पुढे जाऊन फाटकापाशी पाणी पीत उभा. मला पाहून म्हणाला, "ये, घाई नाही. हे कुठे जात नाहीत." त्याचे विनोद असलेच असतात.

आत २६०० हून अधिक कबरी. पांढऱ्या दगडांच्या रांगा उतारावर मांडलेल्या, कडेला कापलेली हिरवळ, प्रत्येक दगडापाशी फुलझाड. नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ च्या लढायांत मेलेले बहुतेक. शिवाय कैदेतून निसटून आपल्या सैन्याकडे पोचायच्या धडपडीत वाटेतच गेलेले काही कैदीही इथे आहेत. मुस्लिम सैनिकांना दफन केलं, हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे त्यांची कबर असण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी याच आवारात वेगळं स्मारक आहे: सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल. इटलीत अशी तीन आहेत. या एकावर पाचशेहून अधिक नावं कोरलेली.

दादाने कागद काढला. नावं रेजिमेंटनुसार आहेत, म्हणून शोधायला त्रास नाही. तो बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागला, मी कागदावर खूण करायची. अक्षरं इंग्रजी, कोरणारा हात परका, पण नावं आपल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावरची. काही नावं दादाने दोन-तीनदा वाचली, कारण साहेबाच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं. एका नोंदीत गावाचं नाव असं काही लिहिलं होतं की आम्ही पायरीवर बसून ते मोठ्याने, वेगवेगळ्या हेलात म्हणून बघत राहिलो. आधी साताऱ्याकडचं वाटलं, मग कोकणातलं. शेवटी दादाने घरी फोन लावला, तर मावशीने एका फटक्यात सांगितलं, वर विचारलं, "जेवलात का?"

गवत कापणारा माळी आमच्याकडे बघत होता. यंत्र बंद करून आला, "इंडिया?" विचारलं, आणि बोटाने दाखवलं की खाली मुस्लिम कबरींकडेही जाऊन या. गेलो. हे सांगायचं कारण, आम्ही फक्त मराठा ओळी बघून निघणार होतो, आणि ते काही बरं दिसलं नसतं.

त्या टेकाडांच्या बाजूला सांग्रोची दरी उलगडते. उन्हाळ्यात नदी रुंद गोट्यांमधून सावकाश जाते. नोव्हेंबर १९४३ मध्ये पावसाने तिला पूर आला होता. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीच्या आठव्या आर्मीने टाकलेले पूल वाहून गेले, अलीकडे चिखल, पलीकडे पोचलेल्या तुकड्यांना रसद नाही. समोरच्या सोंडेवर मोत्साग्रोन्या आणि फोसाचेसिया ही गावं. २७ नोव्हेंबरच्या रात्री मोत्साग्रोन्यावर आठव्या डिव्हिजनचे गुरखे आणि रॉयल फ्युझिलियर्स चढले, ३० तारखेपर्यंत फोसाचेसियाही पडलं. आम्ही ती दरी उतरून समोरच्या सोंडेवर गेलो, पोटभर पाणी, केळी आणि हलके गिअर असूनही धापा टाकत. वरच्या सान जोव्हान्नी इन व्हेनेरेच्या मठापाशी सायकली भिंतीला टेकवल्या. तिथून सगळा किनारा दिसतो, आणि आपण सोडून दिलेला तो सुंदर सपाट मार्गही.

दुपारी एक ते चार काही उघडं नसतं, हे लक्षात ठेवा. पाण्याच्या बाटल्या त्याआधी भरून घ्यायच्या.

फेल्त्रिनोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सान व्हितोला मासे खाल्ले, महाग होते.

मोरो नदी दिसायला ओढ्याएवढी, पण दरी खोल. आत कालदारीच्या बाजूला या नदीवरच्या एका पुलाला सैनिकांनी 'इम्पॉसिबल ब्रिज' असं नाव ठेवलं. अलीकडच्या काठावर रस्ता इतक्या तीव्र वळणाने नदीला भिडत होता की बेली पूल (सुट्या लोखंडी भागांचा, जागेवर जोडायचा लष्करी पूल) जोडून पुढे सरकवायला जागाच नव्हती. डिसेंबर १९४३ च्या सुरुवातीला भारतीय सॅपर्सनी, म्हणजे सैन्यातल्या बांधकाम करणाऱ्या जवानांनी, पुलाचे तुकडे रात्री नदीपार नेले आणि पूल उलटा, म्हणजे शत्रूच्या काठावरून आपल्या काठाकडे बांधत आणला. दादा स्थापत्य अभियंता आहे. त्या दरीत तो बराच वेळ हातवारे करून मला समजावत होता, वजन कुठे, आधार कुठे. मला निम्मं कळलं. लोखंडी पट्ट्या अंधारात, आवाज न करता, तोफांच्या टप्प्यात वाहायच्या, एवढं पुरेसं कळलं.

मोरोच्या पलीकडे सान दोनातोला कॅनेडियन दफनभूमी आहे, १६१५ कबरी, त्यातले तेराशेवर कॅनेडियन. पुढे ओर्तोना. २० ते २८ डिसेंबर १९४३, आठ दिवस या गावात घराघरांतून लढाई झाली. रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी, म्हणून कॅनेडियनांनी घरांच्या सामायिक भिंती स्फोटकांनी फोडून एका घरातून दुसऱ्या घरात जायची पद्धत काढली. गावातले तेराशेच्या आसपास नागरिकही मेले. लढाईचं छोटं संग्रहालय आहे, जरूर बघा. आज गाव इतकं नीटनेटकं आहे की जुन्या आणि नंतर बांधलेल्या भिंतींचा फरक शोधावा लागतो.

कोणी विचारलं तर मी सांगते: मुलं बरोबर असतील तर सायकलमार्गानेच जा, मजा येते. स्मारकं बघायची असतील तर निदान सांग्रोचा चढ तरी सायकलवरच करा, गाडीने नको. सकाळी लवकर निघा, यादी आधी छापून घ्या, रेंजचा भरवसा धरू नका.

ओर्तोनाहून परतीच्या गाडीत सायकली हुकाला अडकवल्या आणि दादाने पुढचं काढलं. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांचा देह सापडला नाही, म्हणून नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. कासिनो इटलीच्या दुसऱ्या अंगाला, मध्ये आपेनाइन पर्वत. "रेल्वेने गेलो तर किती वेळ लागेल?" मी विचारलं. त्याने नकाशावरची उंचीची रेघ माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "रेल्वेचं कोण बोलतंय?"