जादू आणि जास्त जादू

खंडेनवमीला आमच्या सर्व्हर रूममध्येही पूजा होते. रॅकच्या दाराला झेंडूचं तोरण, यूपीएसला हळदकुंकू. मागच्या बाजूला मात्र हार घालायचा नाही, पाकळ्या पंख्यात जातात. बाहेरच्याला याची गंमत वाटते. पण रात्री दोनला उगाच बंद पडलेला आणि तासाभराने तितकाच उगाच सुरू झालेला सर्व्हर ज्याने पाहिलाय, तो मुकाट्याने कुंकू लावतो.

संगणकवाली माणसं तर्कावर चालतात हा समज कुणी पसरवला कोण जाणे. अमेरिकेतल्या जुन्या हॅकरांनी तर आपला सगळा भाबडेपणा हौसेने लिहून ठेवलाय. हे हॅकर म्हणजे बँकेतले पैसे पळवणारे नव्हेत; एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळांत रात्ररात्र यंत्राशी झटणारी ही मंडळी. १९७५ साली स्टॅनफर्डच्या राफेल फिंकेल यांनी त्यांच्या बोलीतले शब्द एका फाइलीत जमवायला घेतले. तीच 'जार्गन फाइल'. त्यात 'मॅजिक स्मोक' आहे: प्रत्येक चिपमध्ये जादूचा धूर कोंडलेला असतो आणि चिप चालते ती त्याच्याच जोरावर. पुरावा? धूर बाहेर आला की चिप बंद पडते. घाला वाद! 'रेन डान्स' आहे, म्हणजे केबल काढून पुन्हा लावणे वगैरे विधी; तो का करायचा हे विचारायचं नाही. आणि 'हायझेनबग', म्हणजे शोधायला बसलं की नाहीशी होणारी चूक. ही तर माझी रोजच्या ओळखीची.

या मंडळींच्या गोष्टींत मला सगळ्यात आवडते ती ट्रे हॅरिस या सिस्टिम ॲडमिनची. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाची मेलव्यवस्था तो सांभाळायचा. एक दिवस संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांचा फोन आला: आमची ईमेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. ईमेलला मैल कुठून आले? पण फोन करणारे पडले संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी आधी रीतसर आकडे जमवले होते आणि मगच तक्रार केली होती. हॅरिसने स्वतः मेल पाठवून पाहिली. न्यूयॉर्कला पोचली, बॉस्टनला नाही.

झालं होतं असं. कुणीतरी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम नवी टाकली, त्या भरात सेंडमेल हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम मात्र जुना बसला. त्याला नव्या कॉन्फिग फाइलीतल्या, म्हणजे सेटिंग्ज लिहिलेल्या फाइलीतल्या, अर्ध्या ओळी कळेनात. न कळलेल्या जागी त्याने शून्य धरलं, आणि त्यात पलीकडच्या यंत्राची वाट किती वेळ बघायची हा आकडाही शून्य झाला. त्या यंत्रावर शून्य म्हणजे प्रत्यक्षात तीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात प्रकाश जातो ५५८ मैल; त्यापलीकडचं यंत्र हाती लागायच्या आतच सेंडमेल नाद सोडून द्यायचा. शंकेखोरांनी लगेच हिशेब मांडला की उत्तर परतही यायला हवं, मग अंतर निम्मं भरेल. त्यांचं चूक नाही. पण गोष्ट ऐकताना असा हिशेब मांडणाऱ्याच्या शेजारी मी चहाला बसत नाही.

इथे भूत सापडलं. एमआयटीचं मात्र अर्धवटच हाती लागलं. गाय स्टील या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी सांगितलेली ही गोष्ट. तिथल्या एआय लॅबमधल्या पीडीपी-१० संगणकाच्या कपाटाला कुणीतरी एक छोटं बटण चिकटवून ठेवलं होतं. त्याच्या एका बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं 'जादू', दुसऱ्या बाजूला 'जास्त जादू'. बटण होतं 'जास्त जादू'वर. मागे पाहिलं तर त्याला एकच वायर, आणि तीही ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टेजच्या, पिनेला जोडलेली. एका वायरीच्या बटणाने काहीही होणं शक्य नाही, म्हणून त्यांनी ते दाबलं. संगणक तत्क्षणी बंद! योगायोग असेल म्हणून बटण पुन्हा 'जास्त जादू'वर आणलं आणि संगणक सुरू केला. वर्षभराने दुसऱ्या एकाचा विश्वास बसेना, तर त्याच्यासमोर हाच प्रयोग झाला आणि संगणक पुन्हा झोपला. मग तिथले जुने हॅकर रिचर्ड ग्रीनब्लाट यांना बोलावलं. या यंत्राची नस त्यांना ठाऊक होती. त्यांनी बटण नीट पाहिलं, निरुपयोगी ठरवलं आणि वायर कापून काढून टाकलं. त्यानंतर संगणक सुरळीत चालला.

या गोष्टीला १९९४ साली एक खुलासा जोडला गेला: बटणाची बॉडी धातूची होती, तिच्यातून सर्किटचं ग्राउंड कपाटाच्या ग्राउंडला भिडलं असेल आणि दोन्हींच्या व्होल्टेजात थोडा फरक असेल, तर तेवढा झटका पुरेसा आहे. नव्या पोरांना गोष्ट सांगताना मी हा खुलासा मुद्दाम गाळते. बहुतेक जण हसतात, एखादा ते बटण आता कुठे आहे ते विचारतो. (स्टील यांच्या तळघरात, 'जास्त जादू'वर.) पण क्वचित एखादी मुलगी कपाळाला आठ्या घालून म्हणते, "ताई, पण ते बटण धातूचं होतं का?" तिला मी प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्याखुऱ्या चालू सर्व्हरांचा, ॲक्सेस त्याच आठवड्यात देऊन टाकते.