तुम्ही विचारलंत म्हणून: वज्रदंती आली कुठून?

मी हिंदी जाहिराती मराठीत आणते, हे कळलं की लग्नकार्यात पंगतीत बसल्याबसल्या कुणीतरी विचारतंच, "अहो, या ओळी सुचतात तरी कशा?"

खरं सांगू? चांगल्या ओळी बहुतेकदा सुचत नाहीत, सापडतात. 'ठंडा मतलब कोका-कोला' घ्या. उत्तरेकडे दुकानात 'ठंडा देना' म्हणतातच. प्रसून जोशींनी त्या ठंड्याला एकाच बाटलीचं नाव दिलं. मराठीत मात्र इथेच घोडं अडतं. आपण टपरीवर 'कोल्ड्रिंक द्या' म्हणतो. 'थंड म्हणजे कोका-कोला' वाचून हुडहुडी भरेल, तहान काही लागणार नाही.

माझी लाडकी ओळ 'वज्रदंती, वज्रदंती, विको वज्रदंती'. वज्रासारखे दात, म्हणून पेस्टवाल्यांनीच हा शब्द घडवला असेल, अशी माझी कित्येक वर्षं समजूत. निघालं ते झाडाचं नाव! आणि झाड कुठलं, तर आजोळच्या कुंपणातली पिवळी कोरांटी. आजी तिची फुलं देवाला वाहायची, दाढ ठणकली की पानं चावायला लावायची. चेंडू काढायला हात घातला की काटे आमच्या वाट्याला. संस्कृत नावाने तीच कोरांटी इतकी भारदस्त झाली की मला ओळखूच आली नाही. (कोरांटी पेस्ट कुणी घेतली असती?)

'विको'सुद्धा घरचंच. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, स्थापना १९५२, संस्थापक केशव विष्णु पेंढारकर. मधलं नाव वडिलांचं, तेच कंपनीला.

'विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक' तर थेट अबकारी खात्याच्या कागदांतली वाटते. औषधापेक्षा सौंदर्यप्रसाधनावर कर जास्त, त्यामुळे हळदीची क्रीम नेमकी कशात मोडते यावर वर्षानुवर्षं खटला चालला. २००४ साली सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वकिलांनी पानंच्या पानं भरून जे मांडलं असेल, ते इथे यमकात बसलंय.

यमक नसलं तरी घोळ होतोच. १९९८ साली पेप्सीची 'ये दिल माँगे मोर' आली, तेव्हा माझा भाचा चार वर्षांचा होता. टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "मावशी, तो बाटली पितोय, मग मोर कशाला मागतोय?"