बाबांची गाठ आणि घरभर अँटिऑक्सिडंट

पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली, आणि सापडली उजव्या किडनीतली गाठ. देवगडहून कोल्हापूर गाठलं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ततपासणी, मग शिरेतून औषध देऊन काढायचा कॉन्ट्रास्टचा सीटी. गाठ चार सेंटिमीटरच्या आत, म्हणून किडनी वाचवून तेवढाच भाग काढला. रिपोर्ट आला: क्लिअर सेल कार्सिनोमा, किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार. केमो नाही, रेडिएशन नाही, फक्त तपासण्या.

खरी दमछाक त्यानंतर झाली. बाबा घरी आले आणि भेटायला येणारा प्रत्येक जण हातात बाटली घेऊन. काकी कोकमाच्या खारवलेल्या रसाचं आगळ घेऊन आली, "झिला, ह्यां बापाशीक रोज सकाळी दी." कुणी नोनीचा रस आणला. मुंबईच्या चुलतभावाने सेलेनियम आणि व्हिटॅमिन ईच्या गोळ्या पाठवल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, अँटिऑक्सिडंट आहे, कॅन्सरला मारतं.

पुढच्या भेटीत मी ती सगळी पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कागद ओढला. किडनीच्या नलिका दिवसरात्र राबतात, पेशींत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले, त्यामुळे ऑक्सिजनचे त्रासदायक रेणूही तयार होत राहतात. त्यांना आवरायला पेशीकडे स्वतःची अँटिऑक्सिडंट प्रथिनं असतात: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन. यातली बरीच एनआरएफ-२ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या हुकमावर बनतात, आणि एनआरएफ-२ ला एरवी कीप-१ नावाचं प्रथिन दाबून ठेवतं. किडनीच्या काही कॅन्सरमध्ये, विशेषतः फ्युमरेट हायड्रेटेज हे एन्झाइम निकामी होतं तिथे, फ्युमरेट हा पेशीतला पदार्थ साचून कीप-१ ची पकड सुटते आणि हे संरक्षण कायम चालू राहतं. "बाबांचा प्रकार वेगळा आहे," ते म्हणाले, "पण ढाल गाठीलाही उपयोगी पडते, एवढं लक्षात ठेवा."

मी हट्टाने विचारलं, नुकसान तर नाही ना? त्यांनी अमेरिकेतल्या सिलेक्ट चाचणीचं सांगितलं. प्रोस्टेट कॅन्सर टळावा म्हणून पुरुषांना व्हिटॅमिन ई दिलं. 2011 मध्ये आकडे आले तेव्हा ते घेणाऱ्यांत तो कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्तच निघाला. तो अवयव वेगळा, पण माझं मन तिथेच वळलं.

गोळ्या आणि नोनी बंद. आगळाची बाटली मात्र त्यांनी हातात घेऊन विचारलं, "यात मीठ किती?" बाबांना बीपी आहे, किडनीचा एक भाग गेलाय, कोकमापेक्षा मिठाची काळजी मोठी. हे काकीला सांगणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. आता आमसुलं भिजवून बिनमिठाची सोलकढी होते, आणि ती बेचव लागते म्हणून बाबा रोज आईशी भांडतात.