मेलेल्या पेशी जातात कुठे?

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग त्या जातात कुठे? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेजारच्या पेशी त्यांना गिळतात आणि पचवतात. मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींचं तर ते मुख्य कामच. पण श्वासनलिकेच्या अस्तरातल्या साध्या पेशीही वेळ आली की हे करतात. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीकडे मॅक्रोफेज नाहीतच. उभयलिंगी कृमीची वाढ होताना तयार होणाऱ्या १०९० कायिक (म्हणजे प्रजननाच्या सोडून बाकीच्या) पेशींपैकी १३१ ठरल्या वेळी मरतात आणि त्यांना शेजारणीच संपवतात. मायक्रोस्कोपखाली मरणारी पेशी गोल, चकचकीत, बटणासारखी उठून दिसते. शेजारची पेशी आपलं आवरण दोन्ही बाजूंनी पुढे सरकवून तिला वेढते, आणि साधारण तासाभरात तिथे काहीच उरलेलं नसतं.

मरणारी नेमकी कोणती, हे कळतं कसं? पेशीच्या आवरणात मेदाचे दोन थर असतात. जिवंतपणी फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद आतल्या थरात राहतो. बाहेर आलाच, तर एक प्रथिन त्याला पुन्हा आत ओढतं. मरणाची प्रक्रिया सुरू झाली की कॅस्पेज नावाची विकरं हे प्रथिन कापतात आणि दोन्ही थरांची सरमिसळ करणारं दुसरं प्रथिन चालू करतात. तो मेद बाहेरून दिसू लागला की शेजारीण ओळखते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. कृमीतल्या काही पेशींमध्ये मरणाचा आदेश कमकुवत असेल आणि त्यातच शेजारणीला गिळायला लावणारी जनुकंही बिघडवली, तर मरायला निघालेली पेशी कधीकधी सावरते, जगते. म्हणजे शेजारीण नुसती आवरायला येत नाही, मरण पक्कं करण्यातही तिचा हात असतो!

गिळणं तसं लवकर उरकतं. खरं काम नंतरचं. गिळलेल्या पेशीभोवतीच्या पिशवीला लायसोसोम, म्हणजे पाचक विकरांनी भरलेल्या पेशीतल्या छोट्या पिशव्या, येऊन मिळतात, आतलं आम्ल वाढतं, प्रथिनं आणि मेद सुटे होतात. त्यातलं बरंचसं शेजारीण स्वतःसाठी वापरते, जास्तीचं कोलेस्टेरॉल बाहेर काढते. डीएनए तोडायला डीएनेज-२ हे विकर लागतं. लाल रक्तपेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते आणि मॅक्रोफेज ते गिळतो. हे विकरच नसलेल्या उंदरांच्या गर्भात मॅक्रोफेज केंद्रकं गिळत राहतात, पण आतला डीएनए तुटत नाही. तो साचला की विषाणू शिरल्यासारखं इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सुटतं, रक्त बनणं खुंटतं, आणि ती पिल्लं जन्माआधीच तीव्र रक्तक्षयाने दगावतात.